बेयबित आगाची सेगा

कुल्याशने विषय काढला तो बरोबर वेळ साधून. आदल्या दिवशी ज्या कढईत सगळ्या भावकीसाठी मांस शिजलं होतं ती कढई सायातच्या दोन्ही हातांत होती, ती बाल्कनीत नेऊन ठेवायची होती, आणि बाल्कनीच्या दारात कुल्याश उभी होती.

"आपांच्या वर्षाचं जेवण झालं," ती म्हणाली. "आता कुणाचं मन राखायचं राहिलंय?"

"म्हणजे?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. एकदा अके म्हण त्यांना. एकदाच. ते स्वतःहून मागायचे नाहीत, मूग गिळून बसतील. पण सासूबाई गेल्यापासून वर्षभर माणूस वाट बघतोय. तू फोन केलास की आधी श्वास रोखून धरतात, मग 'आगा' ऐकलं की सोडतात. मी शेजारी बसलेली असते, मला दिसतं."

"आणि तुमचं काय, झेंगे?"

"माझं राहू दे. तुझी पोरगी मला आजी म्हणते आणि तू मला वहिनी म्हणतोस. हे गणित मी कधीच सोडून दिलंय. ठेव ती कढई, पाठ धरेल."

आता हे गणित जरा उलगडून सांगायला हवं. बेयबित आणि कुल्याश हे सायातचे सख्खे आई-बाप. पण त्यांच्या समाजात थोरल्या मुलाच्या पहिल्या मुलावर आई-बापांचा हक्क नसतो, आजी-आजोबांचा असतो. सायात जन्मला, ओरिनबासार म्हाताऱ्याने त्याला पाळण्यातून उचललं आणि आपल्या बायकोच्या पदरात घातलं. त्या दिवसापासून आजोबा झाले अके, म्हणजे बाप. आजी झाली आपा, म्हणजे आई. आणि ज्यांनी जन्म दिला ते झाले आगा आणि झेंगे, थोरला भाऊ आणि वहिनी. यात चोरून लपवून काही नव्हतं. साऱ्या बाल्खाश गावाला ठाऊक होतं आणि सायातला तर कळायला लागल्यापासून. बंधन एवढंच, की जन्मदात्याने म्हाताऱ्यांच्या देखत त्या पोराला जवळ घ्यायचं नाही, त्याच्यावर रागवायचं नाही आणि लाड तर अजिबात नाही. एकदा दिलं ते दिलं. बेयबितने हे बंधन असं पाळलं की बघणाऱ्याला त्याचा राग यावा. अके बारा वर्षांपूर्वी गेले, आपा गेल्या वर्षी. आणि काल वर्षाच्या जेवणाला बाप आणि लेक दारात शेजारी शेजारी उभे राहून पाहुण्यांचे हात हातात घेत होते, मेलेल्या बाईचे दोन मुलगे म्हणून.

सायातने मान डोलावली. म्हणेन म्हणाला. त्याच्याही मनात होतंच ते. कधी म्हणायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं: आज दुपारी, खेळताना.

सायात अल्माटीत राहायचा आणि त्याचा धंदा म्हणाल तर जुने व्हिडिओ गेम. नव्वदच्या काळातले खेळ पुन्हा लावायचे, खेळायचे, आणि आज ते कितपत टिकलेत हे कॅमेऱ्यासमोर सांगायचं. कार्यक्रमाचं नाव 'दात बघू'. घोडा विकत घेताना वय ओळखायला दात बघतात, तसे हा खेळांचे बघायचा. आणि बघायचा तो निर्दयपणे. ज्या खेळासाठी लोकांनी लहानपणी शाळा बुडवल्या, त्याचे हा चार वाक्यांत वाभाडे काढायचा आणि लोक व्हिडिओखाली हसून हसून लिहायचे. त्याचं पोट त्यावर चालत होतं. यावेळी तो बेयबित आगांच्या सेगावर भाग करणार होता. महिन्यापूर्वी त्याने फोनवर तसं सांगितलं, तेव्हापासून आगांना दुसरं काही सुचत नव्हतं.

कारण या गावात पहिली सेगा, टीव्हीला जोडायचं ते खेळांचं यंत्र, आणली ती बेयबितने. तांब्याच्या कारखान्यात पगार थांबले तेव्हा लोकांनी काय काय धंदे केले, कुणी मासे विकले, कुणी भंगार. बेयबितने मोटारसायकल विकली आणि पाच मजली इमारतीच्या तळाला, जिथे पूर्वी बायका बाबागाड्या ठेवायच्या, त्या खोलीत चार टीव्ही आणि चार सेगा मांडल्या. तासावर खेळायला द्यायचा. थंडीत खोलीत श्वासाची वाफ दिसायची, वीज मनाला येईल तेव्हा जायची, आणि पोरं टोप्या-हातमोजे घालून रांगेत बसायची. हातमोज्याची बोटं कापलेली, म्हणजे बटणं दाबता यावीत. सायात शाळेतून थेट तिथे. घरी सेगा घ्यायला अकेंची सक्त मनाई होती. सेगा लावली की टीव्हीची पिक्चर ट्यूब जळते, हे तेव्हा साऱ्या गावाला पक्कं माहीत होतं, आणि घरातला टीव्ही म्हणजे अकेंचा जीव की प्राण. तेव्हा खेळायचं तर आगाच्या दुकानात.

त्यातही एकच खेळ. त्या कॅसेटवर नाव नव्हतं, चिनी चित्र होतं, तेही फाटलेलं. बेयबितने वर पेनने लिहिलं होतं, 'दोन भाऊ'. बंदरातल्या रस्त्याने दोन भाऊ गुंडांना बडवत पुढे जातात, एवढीच गोष्ट. निळ्या कपड्यांतला भाऊ सायात, लाल कपड्यांतला बेयबित. त्या खोलीत म्हातारे येत नसत. दोघांची तोंडं टीव्हीकडे, दारातून बघणाऱ्याला दोन पाठी दिसायच्या आणि त्या दोन पाठींमध्ये बोट शिरायला जागा नसायची. तिथे सायात त्याला 'अरे-तुरे' करायचा. "आगा, मर ना बाजूला! तुला खेळता येत नाही तर कशाला मध्ये येतोस?" आणि घरी, पंगतीत, हाच आगा समोर बसलेला असला तरी पोराकडे मान वर करून बघायचा नाही.

दुपारी कुल्याशने टेबलावर चहा, तळलेल्या पिठाचे बाउरसाक आणि कालचा घोड्याच्या मांसाचा तुकडा कापून ठेवला. बेयबित नवा शर्ट घालून आला होता. साठीला टेकलेला माणूस, कानावरचे केस पाण्याने चापून बसवलेले. लाकडी खोक्याचा टीव्ही त्याने गॅरेजमधून दोन दिवस आधीच उचलून आणला होता, सेगा स्पिरिटने पुसली होती, आणि कॅसेट दोन्ही हातांनी धरून आणली.

"फुंकर मारू का?" त्याने विचारलं.

"मारा, आगा. थांबा, कॅमेरा लावतो. फुंकर हवीच त्यात."

सायातने एक कॅमेरा पडद्यावर लावला, एक दोघांच्या चेहऱ्यांवर. बेयबितने फुंकर मारली. कॅसेट बसली. आणि ते सूर वाजले. सायातच्या अंगावर काटा आला, हे खरं आहे, खोटं कशाला सांगा. आता म्हणावं, त्याला वाटलं. अके, तुम्ही लाल घ्या, मी निळा घेतो. एवढं साधं वाक्य. त्याने तोंड उघडलं.

"आगा, तुम्ही लाल घ्या," तो म्हणाला.

बेयबितने श्वास सोडला आणि जॉयस्टिक हातात घेतली.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या दोन मिनिटांत सायातला कळलं, हे ते बंदर नव्हे. त्याला आठवत होतं ते बंदर दिव्यांनी झगमगलेलं होतं. पाण्यात दिव्यांची थरथर होती, लांब एक जहाज उभं होतं, आणि त्या जहाजात काय असेल या विचाराने त्याला कित्येक रात्री झोप आली नव्हती. समोर होता करड्या रंगाचा एक पट्टा. त्यावर पिवळे ठिपके. जहाज म्हणजे एक काळा चौकोन, आणि रस्ता थोडा पुढे सरकला की तोच चौकोन परत यायचा. गुंड तीनच, कपड्यांचे रंग तेवढे बदललेले. दोघे भाऊ चालायचे ते गुडघाभर चिखलातून चालल्यासारखे. बटण दाबलं की हात उठायला इतका वेळ की तोवर मार खाऊन मोकळं.

पिंप फोडलं की त्यातून भाजलेली कोंबडी निघायची, ती खाल्ली की जीव वाढायचा. त्या भुकेच्या हिवाळ्यात ती कोंबडी दिसली की रांगेतली पोरं आवंढा गिळायची. आता बघितलं तर तपकिरी डाग.

"ही कोंबडी?" सायात हसला. "अहो, ही तर चपलेचा तळ वाटतेय."

"घे तू, घे," बेयबित म्हणाला. "तुझा जीव कमी झालाय."

"राहू द्या हो, तुमचाच जातोय आता. गेला. बघा. मंडळी, हे बेयबित आगा. वर्षानुवर्षं सेगाचं दुकान चालवलं, आणि आजही पहिल्या रस्त्यावर मरतात."

बेयबितही हसला. कॅमेऱ्यासमोर बोलायची सायातला सवय होती, सवयीने तोंड सुटलं की ते थांबत नाही, हे त्याला कधी कळलं नाही. त्याने पिक्चर ट्यूबची गंमत सांगितली. "आमचे म्हातारे समजायचे की गेम खेळला की टीव्ही जळतो. मंडळी, एवढं अडाणी गाव. कुणी उठवलं होतं हे कोण जाणे, आणि अख्ख्या गावाने विश्वास ठेवला!" मग त्याने जॉयस्टिक खाली ठेवली, कॅमेऱ्याकडे वळला आणि निकाल दिला. खेळाचे दात बघण्यात अर्थ नाही, कारण दातच उरलेले नाहीत. हा तेव्हाही वाईटच होता. आपण लहान होतो, उपाशी होतो, बाहेर थंडी होती, म्हणून गोड लागला. "फेकून द्या. आठवणीत ठेवा हवं तर, पण परत लावू नका. परत लावण्यासारखं यात काहीही नव्हतं."

बोलून झाल्यावर त्याने बाजूला बघितलं. बेयबित सेगाचं बटण बंद करत होता. मग त्याने कॅसेट काढली, शर्टाच्या बाहीने पुसली, खिशात घातली.

"झालं का तुझं?" त्याने विचारलं.

"हो, आगा. छान झालं."

"मग मी जातो. मासे मिठात टाकायचेत. तुला न्यायला." आणि तो गॅरेजकडे गेला. कोटसुद्धा न घालता.

कुल्याश स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, टेबलावरचे पेले उचलायला लागली, आणि प्रत्येक पेला असा आदळत होती की आता फुटेल.

"म्हणालास?"

"नाही जमलं, झेंगे. खेळात तोंडात येईल वाटलं होतं."

"बाकी पुष्कळ आलं की तोंडात. दात बघायला ते काय बाजारात उभे होते?"

"मी खेळाबद्दल बोलत होतो."

"हो का? ट्यूब जळते हे कुणी उठवलं माहीत आहे?" तिने पेले खाली ठेवले. "तुझ्या अकेंनी तुझ्यासाठी सेगा घ्यायची ठरवली होती. कारखाना पगाराऐवजी सामान वाटत होता, त्यात मिळत होती. तू घरी बसून खेळला असतास मग. दुकानात कशाला आला असतास? तर हा शहाणा बापाकडे गेला आणि म्हणाला, अके, घरात नका आणू, ट्यूब जळते, माझ्या दोन जळल्या. सरळ खोटं बोलला. जन्मात हा बापाशी खोटं बोलल्याचं मला दुसरं माहीत नाही. म्हाताऱ्याने चार लोकांना सांगितलं, त्या चौघांनी चाळीस जणांना. गिऱ्हाईक वाढलं म्हणून लोक म्हणायचे, बेयबित चलाख आहे. कसला चलाख! गिऱ्हाईक त्याला एकच हवं होतं."

  सायातने दोन्ही कॅमेरे घेतले आणि निदान ट्यूबचा तेवढा भाग कापून टाकावा म्हणून चेहऱ्यांचं चित्रण लावलं. स्वतःला त्याने शेकडो वेळा पडद्यावर बघितलं होतं, तेव्हा त्याची नजर आगांकडे गेली. आगांच्या हातात जॉयस्टिक होती, बोटं चालत होती, आणि डोळे टीव्हीवर नव्हते. सायातवर होते. त्याने चित्रण पुढे नेलं, मागे नेलं. फुंकर मारल्यापासून बटण बंद करेपर्यंत त्या माणसाने पडद्याकडे नजर टाकली असेल ती ओझरती. बाकी सगळा वेळ तो शेजारी बसलेल्या चाळिशीच्या माणसाचा कान, गाल, हनुवटी बघत होता. अधाशासारखा बघत होता. म्हाताऱ्यांच्या देखत ज्याच्याकडे मान वर करून बघायची सोय नव्हती त्याच्याकडे बघायला एक अंधारी खोली, चार टीव्ही आणि एक खोटं त्याने उभं केलं होतं. आणि 'तुला खेळता येत नाही' म्हणून तो पोरगा त्याला खांद्याने ढकलत होता. सायातला रडू आलं नाही. स्वतःचीच लाज वाटली, मणभर.

गॅरेज म्हणजे लोखंडी पत्र्याची खोली, तशा पन्नास एका रांगेत. बेयबितच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत तो फळीवर वाकून मोठ्या माशाचं पोट साफ करत होता. बाही वर केलेली, नव्या शर्टावर खवले उडालेले. सायात आत जाऊन उभा राहिला. सगळी प्रस्तावना वाटेत करून झाली होती. आता उरला होता तो शब्द.

"अके," तो म्हणाला.

सुरी थांबली. बेयबितने वर बघितलं नाही.

"अके, मी मघाशी—"

"नको," बेयबित म्हणाला. शांतपणे म्हणाला, रागाने नाही. "असं म्हणू नकोस. तो शब्द तुझ्या अकेंचा आहे. त्यांना दिला तो दिला."

"पण तुम्ही वाट बघत होतात. झेंगे म्हणाल्या."

"तिला सगळं बोलायची घाई." त्याने सुरी फळीवर ठेवली, हात पाण्यात बुडवले, तसेच ठेवले. "बघत होतो. खोटं कशाला बोलू? दुकान होतं तेव्हा तर रोज बघायचो. तू दारातून आलास की वाटायचं, आज म्हणेल. चुकून तरी म्हणेल, खेळाच्या नादात म्हणेल. आणि तू तसा एकदा जरी म्हणाला असतास ना, सायात, तर मी तुला उचललं असतं, कुल्याशला हाक मारली असती आणि रात्रीची गाडी पकडून कारागांदाला गेलो असतो. मागे आई-बाप छाती पिटून मेले असते तरी बघितलं नसतं. हे मला माहीत होतं. म्हणून रोज वाट बघायचो आणि रोज मनात म्हणायचो, देवा, याच्या तोंडून तेवढं निघू देऊ नकोस."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? पोर होतास तू."

"मग आता म्हणतोय ना," सायात म्हणाला. कॅमेऱ्यासमोर कधी न अडखळणाऱ्या त्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. "आता आपाही नाहीत. आता कुणाला दुखेल?"

बेयबितने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण तो हसलाही थोडा, जसं लहान पोराने न जमणारी गोष्ट मागितली की हसतात तसा.

"आता म्हणून काय करू रे? आता तुला उचलून कुठे नेऊ?"

सायात म्हणजे आता चाळिशीला आलेला, जाडजूड, केस विरळ झालेला माणूस, अल्माटीत स्वतःचं घर, बायको, पोर. त्याला कोण उचलणार आणि कुठे नेणार? शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. बेयबितने हात पाण्यातून काढले, झटकले, सुरी उचलली. समोर अजून चार मासे पडले होते.

सायातने अंगातला कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर केल्या आणि दुसरी सुरी शोधून फळीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. एक मासा त्याने साफ केला, वेडावाकडा केला, पण केला. मग त्याने आजूबाजूला बघितलं.

"मीठ कुठे ठेवलंय, आगा?" त्याने विचारलं.

बेयबितने श्वास सोडला आणि हनुवटीने कोपऱ्यातलं पोतं दाखवलं.